सरकवलेली रेघ

सर,

आज बारावीच्या वर्गात लिनिअर प्रोग्रामिंगचा धडा संपवला. कितव्यांदा, ते आता मोजत नाही. दौंडच्या या कॉलेजात नव्याने लागले तेव्हा हा धडा आला की मी आदल्या दिवशीच शिपायाकडून रंगीत खडू मागून ठेवायचे आणि वर्गात जाताना पाय उचलून चालायचे. आज फळ्यावर दोन अक्ष काढले, रेघा ओढल्या, सामाईक भाग रंगवला, कोपऱ्यांचे बिंदू घेतले, सगळ्यात मोठी किंमत काढली आणि तास संपायची वाट बघत खिडकीशी उभी राहिले. मुलं फळ्यावरचं उतरवून घेत होती. एकानेही काही विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी दमले आहे, सर. आजारी नाही, काही दुखत-खुपत नाही, नुसती दमले आहे. शिरूरला आम्हाला शिकवत होतात तेव्हा तुमचं जे वय असेल, तेवढी मी आता झाले. तुम्हीही असेच दमत होतात का, हे विचारायला हवं होतं. पण तेव्हा मास्तर माणूस दमतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली आम्ही गावागावांतली पोरं, आणि अकरावीला एकदम सगळं गणित इंग्रजीत. पुस्तकातल्या उदाहरणांत कायम कुठला तरी कारखानदार असायचा, तो दोन मशीनवर खुर्च्या आणि टेबलं बनवायचा आणि आपला नफा आम्हाला विचारायचा. तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढलंत. त्याच्या जागी गुंठे आले, विहिरीचं पाणी आलं, म्हशीची पेंड आली. आणि एक्स-वाय लिहायच्या आधी उदाहरणातल्या अटी एकेक करून उभं राहून मराठीत बोलायच्या, हा तुमचा दंडक. "आधी अटी बोला. अटी नीट बोलल्या की घोडं कुठं पेंड खातंय ते आपोआप दिसतं," असं तुम्ही म्हणायचात. शेवटच्या दोन अटी, एक्स शून्याहून कमी नाही आणि वाय शून्याहून कमी नाही, कुणी विसरलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात. "ही अट कुणी सांगत न्हाई, पन ती असतीच." मी अजूनही मुलांकडून अटी मराठीत बोलून घेते. म्हणजे घ्यायचे. या वर्षी घेतल्या नाहीत, फळ्यावर लिहूनच टाकल्या.

बारावीच्या प्रिलिममध्ये तुम्ही घातलेलं उदाहरण मला पाठ आहे. एका शेतकऱ्याची एक एकर जमीन, म्हणजे चाळीस गुंठे. काही गुंठ्यांत भुईमूग, काहींत कांदा. भुईमुगाच्या गुंठ्याला बायांचे तीन दिवसांचे काम निघते, कांद्याच्या गुंठ्याला चार दिवसांचे. गावातल्या बायांना मिळून निदान एकशे अडुसष्ट दिवस काम मिळाले पाहिजे. भुईमुगापेक्षा कांद्याच्या गुंठ्याला नफा जास्त. तर जास्तीत जास्त नफ्यासाठी किती गुंठे भुईमूग आणि किती गुंठे कांदा? मी निमोण्याहून एसटीने येणारी, आमच्या बौद्धवस्तीतून सायन्सला गेलेली एकटी. त्या तिसऱ्या ओळीतल्या बायांत माझी आई होती, हे वाचताक्षणी कळलं आणि मला फार आनंद झाला. पुस्तकात आमच्यापैकी कुणी कधी आलंच नव्हतं. मी रेघा ओढल्या. एका सेंटिमीटरला दहा गुंठे. जमिनीची रेघ उभ्या अक्षाला चाळीसवर टेकली, कामाची रेघ बेचाळीसवर. जमिनीची बाजू खाली, कामाची बाजू वर, आणि मधे आलेख-कागदाच्या दोन बारीक चौकटींची फट. रंगवायला जागाच नाही. मी खोडरबर घेतला, कामाची रेघ पुसली आणि पुन्हा ओढली, जराशी खालून, एकोणचाळीसवरून. दोन्ही रेघांच्या मधे नखाएवढा त्रिकोण मिळाला. तो रंगवला आणि उत्तर लिहिलं, चाळीसही गुंठे कांदा.

पेपर वाटलेत तो दिवस. अख्ख्या वर्गात त्या उदाहरणाला कुणालाच एकही मार्क नाही. आमच्यातला एक बागायतदाराचा मुलगा हुशार, त्याने दोन्ही समीकरणं सोडवून बिंदू काढला होता, उणे आठ गुंठे भुईमूग आणि अठ्ठेचाळीस गुंठे कांदा. तुम्ही त्याला उभं केलंत आणि म्हणालात, "वावर चाळीस गुंठ्यांचं आन् कांदा अठ्ठेचाळीस? आठ गुंठे शेजाऱ्याचा बांध कोरलास व्हय रं?" वर्ग हसून हसून लोळायला आला, तोही हसला. मग तुम्ही माझ्या बाकाशी आलात. तुम्ही माझ्यावरही असंच काहीतरी बोलाल आणि हसू होऊन जाईल, असं मला वाटलं. तुम्ही हळू आवाजात बोललात. "त्यानं बांध कोरला तो दिसतो तरी. तू रेघ सरकवलीस. जमत न्हाई म्हणून लिहायचं होतं, पोरी. जमत न्हाई हेबी उत्तरच हाय, त्याला पुरे मार्क होते." सगळ्यांसमोर दिलेली शिवी परवडली असती. मी एसटीत बसून रडले, आणि रडताना तुमचा रागही आला, कारण उत्तर नसलेलं उदाहरण घालणं ही फसवणूकच आहे असं मला वाटत होतं.

घरी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा उजवा हात तेव्हा नुकता प्लास्टरमधून निघाला होता, ती डाव्याने थापत होती आणि भाकरी वाकड्या होत होत्या. मी तिला उदाहरण सांगितलं, रागारागाने, तुमची तक्रार म्हणून. तिने शेवटपर्यंत ऐकलंसुद्धा नाही. "येका एकरात येवढ्या दिवसांचं काम कुठनं निघंल? न्हाईच पुरायचं. दुसऱ्याच्या वावरात जायाचं मग." आणि भाकरी उलटली. पासष्ट पोरांनी तीन तासांत जे लिहिलं नाही ते तिने एका दमात सांगितलं. हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगावं असं फार वाटलं होतं. राग होता म्हणून सांगितलं नाही.

आईच्या हातामुळेच ते पुढचं सगळं झालं. डिसेंबरात कांद्याच्या लागणीत ती पडली आणि मनगट मोडून बसली. टोळीतली तिची जागा गेली असती तर उन्हाळ्यात काढणीलाही कुणी बोलावलं नसतं, म्हणून चौदा दिवस तिच्या जागी मी वाकले. कॉलेजात आल्यावर तुम्ही माझ्या बोटांकडे पाहिलंत, रोपांच्या मातीने नखं काळी झालेली. मग जानेवारी संपताना नोटीस लागली, पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली हजेरी असलेल्यांना हॉल तिकीट मिळणार नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझं काही खरं नाही हे मला कळून चुकलं. परीक्षा बुडली असती तर आबांनी, माझ्या वडिलांनी, पुढच्या वर्षी पाठवलं नसतं. ते वाईट नव्हते, पण एकदाच निघणाऱ्या बळावर त्यांनी मला शिरूरला पाठवलं होतं.

यादी लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत आणि वर्गाचा हजेरीपट हातात दिलात. "ऑफिसात दिऊन ये." बस, एवढंच. जिन्यात मी तो उघडला. डिसेंबरचं पान नवं होतं. बाकीच्या पानांवर रोजची वेगवेगळी शाई, कुठे चहाचा डाग, कुठे गिरवलेलं. हे पान एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेलं. वर्गातल्या पासष्टच्या पासष्ट मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे महिन्याची सगळी घरं तुम्ही पुन्हा भरली होतीत. माझ्या एकटीच्या ओळीत खाडाखोड दिसू नये म्हणून. मी वांगी रंगाच्या त्या जिन्यात उभी आहे, खालून शिपाई येतोय, आणि मला कळत नाहीये की पाया पडायला वर जावं की मुकाट्याने खाली. मी खाली गेले. हॉल तिकीट मिळालं, परीक्षा झाली, मार्क चांगले पडले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही एक पेढा घेतलात आणि म्हणालात, "बी.एस्सी. कर, गणित सोडू नगं." मी मान हलवली. त्या पानाबद्दल ना तुम्ही बोललात ना मी. मी बी.एड.ला असताना तुम्ही गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, एसटीत, कुणीतरी तिसऱ्याच माणसाशी बोलत होतं. तेव्हाही मी रडले. आभार राहिले याचं रडू होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. राहू गावची एक मुलगी माझ्या वर्गात होती. रोज एसटीने यायची, कधी दुसऱ्या तासाला पोचायची, कधी यायचीच नाही. घरी आजी अंथरुणाला खिळलेली, आई मजुरीला. मुलगी आलेखात पक्की होती, पट्टी धरायची तेव्हा जीभ दातांत धरायची. वर्षाअखेर तिची हजेरी भरली त्र्याहत्तर टक्के. एका दुपारी तिची आई तिला घेऊन आली, कामावरून तशीच, पदर खोचलेला.

"म्याडम, येवढ्या बारीला सांभाळून घ्या. म्हातारीला उठवाय-बसवायला हिच्याबिगर घरात कोन न्हाई. हिचं मामा म्हनत्यात, औंदा परीक्षाच न्हाई तर उगं कशाला थांबायचं, लगीन लावून टाकू."

"यादी ऑफिसात गेली हो," मी म्हणाले. "आता माझ्या हातात काही नाही."

"आवं, दोन टक्क्यांनी काय हुतंय?"

"नियम सगळ्यांना सारखाच. पुढच्या वर्षी बसू द्या तिला."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी म्हणाली, "बरं, मॅडम." तिने आईचा हात धरला आणि दोघी गेल्या. मे महिन्यात तिचं लग्न झालं. नंतर एकदा दौंडच्या एसटी स्टँडवर तिनेच मला हाक मारली. कडेवर मूल होतं. मला ओळखून तिला इतका आनंद झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "मॅडम, तुमचं लिनिअर प्रोग्रामिंग मला लय आवडायचं. माझा ग्राफ कवाच चुकला न्हाई." चुकला नव्हताच. मी मुलाच्या गालाला हात लावला, नाव विचारलं आणि बस आली म्हणून निघाले. ती बस माझी नव्हती.

स्टाफरूममध्ये हा प्रसंग मी नव्या मास्तरांना बऱ्याचदा सांगितला आहे. सांगताना तुमचं नाव घेते. आमचे सर म्हणायचे, रेघ सरकवायची नाही. वाईट वाटलं तरी जमत नाही म्हणून सांगायचं. ते माना डोलावतात. तुम्ही एक अख्खं पान पुन्हा लिहिलं होतंत, हे मात्र त्यांना सांगत नाही. तुमच्या वाक्याचा असा वापर केला म्हणून माझा मलाच राग येतो. पण तोही आता लवकर दमतो.

हे पत्र कुठे टाकायचं, प्रश्नच आहे. शिरूरला तुमचा मुलगा असतो असं ऐकलंय, पण त्याने हे वाचून काय करायचं. तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यात राहील आणि रद्दीत जाईल. तरी एक गोष्ट लिहिते, जी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

घरच्या आजारपणाचा अर्ज जोडून प्राचार्यांची सही घेतली की दोन-चार टक्के माफ व्हायचे. तशी सोय नियमातच होती. आणि यादी ऑफिसात गेली नव्हती, सर. त्या दोघी समोर उभ्या होत्या तेव्हा ती माझ्या टेबलाच्या खणात होती. अकरा नावं होती. एक गाळून ती पुन्हा लिहायला पाच मिनिटं लागली असती. मला कंटाळा आला होता.