ते शाळेच्या पोरांसाठी होतं

२ डिसेंबर, मंगळवार
ईशूच्या शाळेतून पाटीलबाईंचा फोन. सहावी-सातवीच्या पोरांना मुंबईच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम दाखवणार. महिन्याला एक, असे तीन. पोरं सांभाळायला वर्गातल्या काही आया पाहिजेत. "ईश्वरीच्या आई, तुमचं नाव घातलंय बरं का." विचारलं नाही, सांगितलं. असू दे. शनिवारी सकाळी तसंही घरात डाळच निवडायची.
सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, म्हणाल्या, "ऑर्केस्ट्रा? जत्रंत सिनेमाची गाणी म्हणत्यात, त्यो?" म्हटलं, तोच असेल. मलाही तेवढाच माहीत.

६ डिसेंबर, शनिवार
तो नव्हे.
कुठनं सुरू करू कळेना. सभागृहात गोंगाट एवढा, की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येईना. स्टेजवर काळ्या कपड्यांतली माणसं येऊन बसली, तरी आमची पोरं एकमेकांची पाठ बडवतायत. मग काळ्या बासरीसारख्या एका वाद्यानं एकच सूर धरला. सगळ्यांनी त्यात आपापला सूर मिळवला. पोरं आपोआप गप्प. ईशूच्या वर्गातला एक विचारतोय, "काकू, सुरू झालं काय?" "सूर लावत्यात रे, गप बस." मला तर तेवढंच ऐकून घरी पाठवलं असतं तरी चाललं असतं.
संचालक सरांचं मराठी मोडकं. म्हणाले, डोळे मिटा, कोण चालतंय सांगा. माणसाएवढ्या उंच वाद्यावर घुमत घुमत काहीतरी वाजलं. त्यांना हत्ती पाहिजे होता. आमची सगळी पोरं ओरडली, "म्हैस!" सर हसून म्हणाले, बरं, कोल्हापुरात म्हैस.
आणि मग सगळी वाद्यं एकदम.
खुर्चीचा हात थरथरत होता. मागनं एक पोरगा मोठ्यांदा "आयला!" म्हणाला. पाटीलबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याही तेच म्हणत असणार.
एवढी माणसं, प्रत्येकाचं वेगळं, आणि तरी एकच

७ डिसेंबर, रविवार
काल तिथंच लिहायचं सुटलं. अव्वांनी हाक मारली.
रात्री जेवताना यांनी विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "बरं होतं." ईशू म्हणाली, "पप्पा, लय बोअर. दीड तास नुसतं बसून." हे हसले आणि गुळाच्या भावाचं बोलायला लागले.
आज भाकऱ्या थापताना त्यातलं एक गुणगुणायला गेले. येईना. आत वाजतंय, तोंडातनं निघत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
मोबाइलवर शोधलं. बसून, गुडघ्यांच्यात धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. त्याला चेलो म्हणतात. त्या दिवशीचा माणसाच्या गळ्यासारखा आवाज त्याचाच, म्हशीचा नव्हे. पण मोबाइलवर ऐकणं म्हणजे रंकाळा बादलीत भरून घरी आणल्यासारखं.
कुणाला सांगावं? कुरुंदवाडला आईला फोन केला. ती म्हणाली, बरं वाटतंय न्हवं तुला? तब्येत कशी हाय?

९ जानेवारी, शुक्रवार
उद्या दुसरा कार्यक्रम. ईशू येत नाही म्हणते. कबड्डीचा सराव आहे. पोरगी नाही तर आई कशी जाणार?
पावभाजी कबूल केली. नाही. चिडले. "शाळेनं एवढं तुमच्यासाठी केलंय, तुम्हाला किंमत न्हाई!" ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, तुला जायचंय व्हय?"
या घरात असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. "व्हय," म्हटलं.
"मग आधी सांगायचं की!" म्हणाली आणि कबड्डीच्या सरांना फोन लावायला गेली.

१० जानेवारी, शनिवार
हात अजून गार आहेत.
आज सरांनी थोड्या पोरांना वर बोलावून वाजवणाऱ्यांच्या मध्येच बसवलं. ईशूनं माझा दंड धरून ओढत नेलं. पाटीलबाईंना म्हणाली, "पोरांवर ध्यान ठेवायला मम्मी पाहिजे." चेलोच्या बाईंच्या पायाशी जमिनीवर बसलो. आवाज कानातनं येतच नाही, जमिनीतनं येतो. गज टेकवायच्या आधी त्या बाई श्वास घेतात, आणि त्यांच्यासोबत सगळी रांगच श्वास घेते. हे खालनं दिसत नाही. समोरची एक बारकी मुलगी दोन्ही तळवे स्टेजच्या फळीवर टेकून बसली होती, अंगारा लावून घ्यायला बसतात तशी.
शेवटाला सर म्हणाले, आता एकच सूर, हळूहळू विरत जाणारा. ज्याला ऐकू यायचा बंद होईल त्यानं हात वर करायचा.
सूर सुरू झाला. बारीक होत गेला. मागच्या रांगांत हात वर यायला लागले. मग मधे. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. शाळेच्या पोरांनी भरलेलं सभागृह, आणि पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मी हात वर केलाच नाही. मला अजून येत होता. खरंच येत होता का, देव जाणे. शेजारी बघितलं, ईशूचाही हात खालीच. डोळे गच्च मिटलेले. चढाईला जाताना दम धरते तसा दम धरलेला.
बाहेर आल्यावर म्हणाली, "मम्मी, त्यो थांबलाच न्हाई. मी दम सोडला म्हणून गेला."
त्याआधी, स्टेजवरनं उतरताना चेलोच्या बाईंनी ईशूला विचारलं, तुला काय आवडलं? "ढोल!" त्या हसल्या. "आणि आईला?" मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी माझा हात धरून वाद्याच्या पाठीवर ठेवला आणि एका तारेवर गज ओढला.
पुढचं लिहिता येत नाही.

१९ जानेवारी, सोमवार
त्या चेलोच्या बाईंचं नाव गौरी. पाटीलबाई सांगत होत्या, फेब्रुवारीपासून रात्रीच्या गाडीनं मुंबईहून येऊन रविवारी सकाळी शाळेत पोरांना शिकवणार. वाद्यं ऑर्केस्ट्रावालेच देणार. ईशूला विचारलं. "मला कबड्डी हाय." तिचं बरोबर आहे.
मग माझं काय?

२५ जानेवारी, रविवार
आज यांना सांगितलं. चहा देताना, सरळ. मला ते शिकायचंय. हे आधी हसले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले. "आता? चाळिशीत?" म्हटलं, व्हय. बशीत चहा ओतला, फुंकला, प्याले. गुळाच्या दुकानाला गेले.
अव्वांनी स्वयंपाकघरातनं ऐकलंच होतं. "कसं धरत्यात ते?" मी दाखवलं. पाटाएवढी जागा सोडून पाय. त्यांचं तोंड उतरलं. "बायकांनी? चार लोकांत असं बसायचं?"
संध्याकाळी हे दुकानातनं आले. चप्पल काढता काढता विचारतात, "केवढं असतंय ते? घरात ठेवणार कुठं?"
हा होकार धरायचा का नाही, कळलं नाही. पण दुपारभर ते त्याचाच विचार करत होते एवढं खरं.

७ फेब्रुवारी, शनिवार
तिसरा कार्यक्रम. अव्वा आल्या. सकाळी उठून इरकल नेसून दारात उभ्या. "बघू तरी, सुनंला काय झालंय." पाटीलबाई गडबडल्या, पण अव्वांना नाही कोण म्हणणार? पोरांच्या मधे बसल्या. ईशू त्यांना कानात सांगत होती, "आज्जी, ते व्हायोलिन, ते त्याच्या मागचं." पोरगीला सगळी नावं पाठ. मला पत्ताच नव्हता.
शेवटच्या तुकड्यात सगळे उसळले तेव्हा अव्वांनी माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या. सोडलंच नाही. मी वळून बघितलं तर तोंड उघडं, डोळे स्टेजवर. चांदोलीला धरणाचे दरवाजे उघडलेले बघतात तशा. टाळ्या संपल्या तरी हात तिथंच.
घरी आल्यावर भाजी चिरता चिरता विचारलं, "त्या तुझ्या चेलोच्या बाईचं लगीन झालंय?"
"व्हय. दोन पोरं हायत."
"मग घरचा सैपाक कोण करतंय?"
"म्हाईत न्हाई, अव्वा."
चिरलेली भाजी पातेल्यात टाकली. "पोटात गेलं बघ," एवढंच म्हणाल्या. कशाबद्दल ते विचारलं नाही.
मनगटावर वळ आहेत अजून.

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी लवकर भाकऱ्या टाकल्या. कुठं चाललीस, कुणी विचारलं नाही. अव्वा जप करत होत्या, डोळे मिटलेले. ईशू मैदानावर.
शाळेत संगीताची खोली वरच्या मजल्यावर. दारात पोरांच्या चपला. आत बारकी बारकी वाद्यं भिंतीला टेकवलेली, बारक्या खुर्च्या. ती फळीवर तळवे टेकणारी मुलगी आधीच एका खुर्चीत बसलेली, पाय जमिनीला जेमतेम पुरत होते. गौरीताई तिचा गजावरचा अंगठा सरळ करत होत्या. मी दारातच उभी. पदर दोनदा खोचला.
त्यांनी वर बघितलं. ओळखलं. माझ्या मागं बघितलं, कुणी दिसलं नाही.
"ईश्वरी नाही आली?"
"न्हाई," म्हटलं. "मी आलो."