राऊटर विकायचा नाही

आप्पा,

डाळ झाकून ठेवलीय, गरम करून जेवा. मी सुलतान बाजारात पुस्तकांची लाकडी मांडणी बसवायला चाललेय.

राऊटर, आपलं लाकडात खाच पाडायचं मशीन, विकत घ्यायला तो माणूस आला, तर त्याला सरळ नक्को म्हणा. मशीन बिघडलेलं नाही आणि माझा हातही वाकडा नाही. खालची गोल प्लेट बदलताना तुम्ही नुसत्या नजरेनं मध्य धरलात आणि स्क्रू आवळून टाकलेत. म्हणून प्लेटची कड पट्टीला टेकवून चालवताना मशीन हातात जरा वळलं, की खाच रेघ सोडायची. आज मी स्क्रू ढिले केले, पात्याच्या जागी टोकदार शंकू लावला, प्लेटचं भोक त्याच्यावर चहूबाजूंनी टेकवलं आणि मगच स्क्रू आवळले. आता कसंही धरा, खाच सुतासारखी सरळ जाते. बाकावर फळी आहे, तिच्यावरून बोट फिरवून बघा.

तुमचं सगळं असंच, आप्पा. आधी आवळायचं, मग विचारायचं. इथं तेलुगू मुलखाचं नवं राज्य झालं, आता आपलं मराठी माणसांचं इथं काय, असं म्हणून पुण्याला जायचं ठरवलंत, दुकान मोडायला काढलंत. तिथल्या प्रभाकरदादाला विचारलंत, मला नाही. तुम्ही दादाकडे सुखानं जा, सणावारी मी येईन. पण मी राहणार इथंच, आपल्या गौलीगुड्यात, आणि दुकान मी चालवणार.

दुपारी पेंटर येईल. दुकानाच्या पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव घालायला सांगितलंय. त्याला चहा पाजा, परत पाठवू नका.

लीला