नीट बसवलेली मोटर

आई, नदीवरच्या पंपाची मोटर काल उतरवली. तू गेलीस तेव्हा ती पंपघरात गोणपाटाखाली झाकून ठेवलेली होती, त्यानंतर चालू झाली ती कालपर्यंत. आता तिथे पाण्यात बुडून राहणारा नवा पंप बसणार आहे. उतरवायला कुडाळहून माणसं आली होती. त्यांतला एकजण म्हणाला, बाई, ही ज्याने बसवली त्याचा हात कोणी धरणार नाही, इतकी वर्षं चालून शाफ्ट अजून सरळ आहे. माझे बाबा, असं मी सांगितलं आणि घरी येऊन स्वयंपाकघरात बसले, ती दिवेलागणीपर्यंत उठलेच नाही. बापाचं कौतुक लेकीला सोसू नये, हे काही बरं नव्हे. पण सोसलं नाही.

तुझी आठवण आली की आधी घाटी दिसते. परसातली बाव शिमग्यानंतर आटायची आणि मग खालच्या विहिरीवरून पाणी आणायचं, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि ती जांभ्याच्या पायऱ्यांची चढण. बाबा नळपाणी योजनेवर फिटर. साऱ्या गावाला पाणी पाजणाऱ्याची बायको घाटी चढते, म्हणून तू त्यांना जेवताना चिडवायचीस आणि ते मान खाली घालून भात कालवत राहायचे. त्यांना मशीन पुसायला तुझ्या जुन्या लुगड्याचेच तुकडे लागायचे. नव्या कापडाचे धागे सुटतात, लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. तू फाडून, घडी करून त्यांच्या पिशवीत घालायचीस.

तू गेलीस त्या वर्षी घाटीवर पाणी चढवायला नदीवर हा पंप आला आणि कंत्राटदाराच्या माणसांनी घाईघाईत बसवला. असल्या पंपात नदीकाठच्या खोल विहिरीतून लांब शाफ्ट वर येतो आणि त्याच्यावर मोटर उभी बसते. शाफ्टचं टोक मोटरच्या पोकळ पोटातून वर काढून त्यावर नट आवळतात. ते टोक बरोबर मधोमध उभं राहायला हवं. त्यांनी बसवली तेव्हा ते एका अंगाला कललेलं होतं, तर त्यांनी पहारीने मधे ओढलं, नट आवळला आणि पंप सुरू केला. टाकीत पाणी पडलं, गावाने आनंदाने आरडाओरडा केला. बाबांनी मोटरवर तळवा ठेवला आणि बटण बंद केलं. ही थरथरते, म्हणाले, बेअरिंग खाईल, गणपतीपर्यंत कशीबशी चालेल आणि मग कायमची बंद पडेल. त्यांनी मोटर उतरवली. शाफ्टचा वरचा तुकडा वाकलेला निघाला, तो सरळ करायला कोल्हापूरला गेला, आणि आपण परत घाटीवर.

सरपंच चार माणसांना घेऊन घरी आले तो दिवस तुला आठवत असेल. तू चहा केलास, मी कप धरून दारात उभी. शाफ्टचा तुकडा आहे तसाच परत आणून घाला, पुढचं पुढे बघू, लोक शिव्या घालतात, असं ते सांगत होते. बाबा डळमळले होते, आई. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी मान वळवून तुझ्याकडे बघितलं, आणि तू पदराला हात पुसत म्हणालीस, "तुमी नीट बसवा. माझी कळशी खंय पळान जातली नाय."

सगळे हसले, सरपंचसुद्धा. बाबाही हसले. तिथेच विषय मिटला. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

मे महिन्यात खालची विहीर तळाला गेली. त्या सकाळी तू पुढे होतीस आणि मी मागे, खाली. एक पायरी निसटली. आधी कळशी माझ्या बाजूने गडगडत गेली, मग तू. कुडाळला नेईपर्यंत तू शुद्धीवर होतीस, चुलीवर पेज ठेवली आहे म्हणत होतीस. तिथून तुला पांघरूण घालून परत आणलं.

यापुढचं तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. तुझं तेरावं झालं आणि कोल्हापूरहून शाफ्टचा तुकडा आला. बाबा दाढी न करताच कामाला गेले. दुपारी मी डबा घेऊन गेले, सोबत तुझ्या हिरव्या लुगड्याचा एक तुकडा फाडून नेला होता, कारण त्यांच्या पिशवीत तुझ्यानंतर कोणी काही घातलं नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला आणि ते मोटरची बैठक पुसायला लागले. साखळीच्या कप्पीवरून मोटर खाली आली. शाफ्टचं टोक केसभर बाजूला. मोटर परत वर. त्यांनी बैठकीवरून बोट फिरवलं, वाळूचा एक कण निघाला. परत पुसलं, परत खाली, परत थोडं कललेलं, परत वर. आभाळ भरून आलेलं, माणसं ताटकळलेली, आणि हे आपले पुसताहेत. माझा तोल गेला.

"आता कोणासाठी इतक्या बघतास, बाबा?"

ते रागावले नाहीत. तुकड्याची घडी उलटी करत म्हणाले, "तिणां सांगल्यान हा, नीट बसवा म्हणान."

मग टोक मधोमध उभं राहिलं. शाफ्ट जोडण्याआधी त्यांनी मोटर एकटी फिरवून बघितली, कारण उलटी फिरली तर खालचे सांधे सुटतात. मग नट, मग हाताने फिरवून बघणं. गावकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, बाबांचे ओठ हलले नाहीत. पंप सुरू झाला तेव्हा मी मोटरवर हात ठेवला. जराही थरथर नव्हती. मला त्या मोटरचा इतका राग आला की हात तिथेच ठेवून मी रडले.

संध्याकाळी घाटीच्या वरच्या नळाला पाणी आलं. बायकांची झुंबड उडाली. बाबा आले तशी त्यांनी वाट करून दिली. त्यांनी तुझी पोचा पडलेली कळशी भरली, स्वतः कमरेवर घेऊन आले, चुलीपाशी तिच्या जागेवर ठेवली आणि तिच्या शेजारी भुईवर बसले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. तो पोचा त्यांनी शेवटपर्यंत काढू दिला नाही.

आता तेही नाहीत. आजूबाजूच्या गावांतले पंप कितीदा बंद पडले, आपला चालत राहिला. बाबा बरोबर होते, सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण कालपासून माझ्या डोक्यात एकच आहे. पाऊस लागला की परसातली बाव भरते, मग घाटी कोण उतरतं? वाकडी तर वाकडी, थरथरत तर थरथरत, ती मोटर गणपतीपर्यंत चालली असती. बाबाच म्हणाले होते. गणपतीपर्यंत पुरलं असतं गो, आई.

त्यांच्यावरचा माझा राग कधी टिकला नाही. राग तुझ्यावर आहे. ते तुझ्याकडे बघत होते, तू नुसतं कंबर दुखते म्हटलं असतंस तरी चाललं असतं. एवढं लिहून झाल्यावर हे कागद मी कुठे टाकणार, तुझ्याच पेटीत लुगड्याखाली ठेवीन. आणि एक सांगते. तुझं बाकी बोलणं मला आठवतं, पण कानात आवाज येत नाही, कधीचा गेला. तेवढं एक कळशीचं वाक्य मात्र अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. म्हणून रागातसुद्धा ते मी रोज एकदा ऐकते.