भिंत नसलेली पेशी

ज्येष्ठ व. ३, सोम. दिंद्रुड

बाजारच्या भाषणाची सुरुवात: "दिंद्रुडकरांनो, पटकीनं आपली माणसं नेली, पण घरात पाणी असताना त्यांना तहानेनं तळमळत ठेवलं ते आपणच! पाणी दिलं की ढाळ वाढतात, हे कुणी शिकवलं?" पुढं जुळत नाही. ठाण्याच्या पोलीस अमीनाची परवानगीही नाही. बघू.

व. ४

भाषण राहिलं. थोरल्या बहिणीला, अक्कालाच पटकी. डोळे खोल गेलेत, बोटांची कातडी सुरकुतलीय. तिच्या सासूनं, मावशींनी, माठ परसात नेऊन ठेवलाय. दाजी उशाशी बसून.

"मावशी, घोटभर तरी."

"ह्ये चावडीवरचं भाषान न्हाई, बाबा. पाण्यानंच पाणी सुटतंय."

दुपारी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोग करून दाखवला. कांद्याच्या चकत्या, एका वाटीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. सांगितलं, कांद्याची प्रत्येक पेशी म्हणजे खोली. बाहेर भिंत, आत पातळ पापुद्रा. भिंत सगळं जाऊ देते, पापुद्रा पारखतो: पाणी जाऊ देतो, मीठ अडवतो. जिकडं मीठ जास्त तिकडं पाणी ओढलं जातं. साध्यातल्या चकत्या ताठ झाल्या, खाऱ्यातल्या लुळ्या. म्हणालो, अक्का अशीच लुळी पडलीय, मीठपाणी द्या.

दाजी पहिल्यांदा बोलले, "आवं, खाऱ्यातलीच सुकली की! अन् त्येच पाजायचं व्हय?"

मावशी: "कांदा नासला, आता सून नासा."

पुन्हा पुस्तक उघडून बसलो. भर बाजारात कधी अडलो नाही मी.

दिवेलागण

चूक सापडली. कांद्याला भिंत आहे, कितीही फुगला तरी ती सावरते. आपल्या पेशींना भिंतच नाही, नुसता पापुद्रा. रक्तातले कण साध्या पाण्यात फुटतात, फार खाऱ्यात आकसतात. ढाळांतून मीठही गेलंय, म्हणजे मीठ हवंच. पण किती? पुस्तकात नाही. जास्त झालं तर मीच तिला...

आसवं. अंगातूनच येतात. तेवढंच खारट, त्याहून कणभर जास्त नाही. हा माझा तर्क. खात्री? नाही.

व. ५, सकाळ

नाडी हाताला लागत नाही. हाक मारली की पापणी हलते, एवढंच.

तांदळाची पातळ पेज केली, चिमटीनं मीठ टाकत गेलो. दाजींनी चाखली. "आसवागत हाय," म्हणाले आणि तोंड फिरवलं. मावशी दारात आडव्या.

"मला बी ती लेकीवानीच हाय रं. माज्या हातनं मेली तर?"

माझ्यापाशी भाषण नव्हतं. वाटी त्यांच्या हातात ठेवून ओट्यावर आलोय. आत अजून चमचा वाजत नाही.

मावशी, एक चमचा. आत्ता द्या.