हाक राहिली

शनिवार, ११ जानेवारी. मेढ्याच्या वरचं पठार

पोचलो एकदाचे, आणि गाडी मीच चालवली. शिरवळपासून इथवर प्रत्येक वळणाला तानाजी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. नवऱ्यांचं हे असंच असतं. मागच्या सीटवर सासूबाई, म्हणजे दगडाबाई, आणि त्यांच्या मांडीवर आमची शिवांजली. वय वर्षं दोन, अंगात लाल स्वेटर, तोंडात सतत काहीतरी. संक्रांतीला माझ्या माहेरी, इस्लामपूरला, तिचं बोरन्हाण आहे. हायवेनं गेलो असतो तर दुपारीच पोचलो असतो. पण मला पोरीला डोंगर दाखवायचे होते, म्हणून वाट वाकडी केली.

थंडी मात्र मजबूत आहे. सगळीकडे काळा कातळ, वाळलेलं गवत, आणि वारा असा की भाड्याच्या तंबूच्या दोऱ्या शिट्ट्या मारतात. गाडीच्या काचा आतून धुरकटतात. शिवांजलीला त्यातून नवा खेळ सापडलाय. काचेवर 'हा' करून तोंडाची वाफ सोडायची, बोटानं गोल काढायचा, मधोमध टिंब द्यायचं आणि ऐटीत म्हणायचं, भाकली. आज तिनं किती भाकऱ्या भाजल्या त्याला हिशेब नाही.

ही रोजनिशी माझ्या वडिलांमुळे, अप्पांमुळे. सुभेदार म्हणून निवृत्त झाले तरी त्यांचा हुकूम अजून चालतो. प्रवासात झोपण्याआधी लिहायचं, मग आभाळ का कोसळेना.

रविवार, १२ जानेवारी

आजही इथेच मुक्काम. शिवांजली दिवसभर तंबूमागच्या खडकांत रमली होती. एका मोठ्या धोंड्याआड जायची, हसायची, परत येऊन भाकरीचा तुकडा मागायची आणि पुन्हा तिकडे पळायची. मी दोनदा जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. सरडे असतील.

सासूबाई आज खुलल्या. त्यांचं माहेर आटपाडीकडचं, दुष्काळी भागातलं. लहानपणी त्या मेंढरांमागे याच घाटांतून कोकणात उतरायच्या. तळ हलवताना त्यांच्यात एक रीत असायची. बोचकी घोड्यावर चढली, कुत्री सुटली की सगळ्यात शेवटी प्रत्येक आई रिकाम्या जागेकडे तोंड करून आपल्या पोराला नावानं हाक मारायची, 'चल रं बाळा, आमी निगालो.' पोर कडेवर असलं तरी. त्यानं 'ओ' दिली की मगच पाय उचलायचा. पोरांना जागेचा लळा लागतो, म्हणाल्या, हाक मारली नाही तर ती मागं राहतात. मी विचारलं, कुणी राहिलं होतं का? त्यांनी शेकोटीत काटक्या सारल्या आणि तंबाखू मळत बसल्या.

मी मनातल्या मनात हसले. या बाईंनी आजवर काळी तीट, लिंबू, मिरच्या, सगळं करून पाहिलंय. मी लग्नात दोन्ही घरांशी भांडून आलेली बाई आहे. माझी पोर भीतीच्या दाव्याला बांधून वाढवणार नाही.

सोमवार, १३ जानेवारी. इस्लामपूर

सकाळी निघताना व्हायचं तेच झालं. धुकं इतकं की तंबू दिसेना. शिवांजलीला उचलून आणलं, सीटवर बांधलं. सासूबाईंनी काच खाली घेतली आणि पठाराकडे वळून हाक मारायला तोंड उघडलं. मी माझ्या बाजूच्या बटणानं काच वर केली, गाणी मोठी केली आणि गाडी काढली. त्या काचेवर थापा मारत होत्या. 'आगं, हाक ऱ्हायली पोरीची, थांब.' मी म्हटलं, पोर तुमच्या शेजारी बसलीय. तानाजी नेहमीसारखा दोघींच्या मधे मुका.

घाट उतरेपर्यंत शिवांजली मान वळवून मागच्या काचेतून बघत होती. रडली नाही, काही मागितलंही नाही. कराडला मी तिच्या हातात बिस्कीट दिलं. तिनं ते धरून ठेवलं. इस्लामपूर आलं तरी ते तसंच तिच्या मुठीत होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरभर तिळगुळाचा वास. शिवांजली काल सकाळपासून एक शब्द बोललेली नाही. ताप नाही. उलट अंग गार आहे, माठाला हात लावल्यासारखं. आईनं शेकोटीजवळ बसवलं, दोन स्वेटर घातले, तरी गारच.

मी तिला गाडीत नेलं, काच दाखवली, भाकरी कर म्हटलं. तिनं तोंड काचेला लावलं आणि 'हा' केलं. काच स्वच्छ राहिली. मी शेजारी 'हा' केलं, लगेच धुरकटली. तिनं पुन्हा केलं.

काही नाही.

बुधवार, १५ जानेवारी

बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले. बाकीची पोरं गोळा करायला तुटून पडली. ही पाटावर बसून राहिली, आणि एक बोर उचलून हळूच तिनं माझ्या ओच्यात टाकलं. असं, जणू पाहुणी आहे आणि घरच्यांना काहीतरी द्यायला हवं. माझी शिवांजली कुणाला चिंच देत नाही, बोर तर दूरच.

उजव्या कानामागे तिचा तीळ आहे. होता. मी तीनदा पाहिलं.

गुरुवार, १६ जानेवारी

डॉक्टरांनी तपासलं. छाती, कान, घसा, सगळं ठीक म्हणाले.

सासूबाईंना मागच्या अंगणात गाठलं आणि सरळ विचारलं. त्या रडत होत्या. हळूच म्हणाल्या, 'हाक न्हाई आली की पोर तितंच खेळत ऱ्हातंय. आन् ज्याला कवाच कुनी बोलावलं न्हाई, ते त्याच्या जागी येऊन बसतंय.' त्यांचा थोरला भाऊ असाच राहिला होता. घरी जे आलं ते चार महिने जगलं, न बोलता.

उपाय विचारला. परत जायचं, हाक मारायची, आपलं पोर घ्यायचं. आणि हिला तिथंच खाली ठेवून मागं न बघता निघायचं.

चूक कुणाची ते नंतर बघू. माझी पोर त्या थंडीत चार दिवस एकटी आहे. मी जाणार, आणि घेऊन येणार. त्या डोंगराला काय वाटतं याच्याशी मला देणंघेणं नाही. पण हिला कातळावर सोडून येणार नाही, हेही सांगितलं. तीन रात्री माझ्या कुशीत झोपलीय. झोपेत माझं बोट धरते.

तानाजी पहिल्यांदाच मधे बोलला. म्हणाला, गाडी तूच चालव.

शुक्रवार, १७ जानेवारी. पठार

पोचलो. सकाळ आहे, पण धुक्यात काही दिसत नाही. भाड्याचे तंबू उठलेत. गाडी त्याच जागी लावली. सासूबाई मागे, तानाजी शेजारी, ही माझ्या मांडीवर. आज घडेल तसं लिहितेय. लिहिलं की डोकं सरळ चालतं.

काच खाली केली. हाक मारली. शिवांजली, चल गं बाळा, आम्ही निघालो.

वारा.

पुन्हा मारली, घसा फाटेस्तोवर. म्हटलं, आई आलीय, उशीर झाला, पण आलीय.

धोंड्यामागून 'ओ' आली. तिचीच. काय सांगू—

मग डावीकडून. मग मागून. लांबून, दरीच्या तोंडाकडून. ओ. ओ. लहान लहान आवाज, एकावर एक. सासूबाईंनी काच वर करायला लावली. म्हणाल्या, 'समदीच आली गं. मागं ऱ्हायलेली, ज्यांना कुनी हाकच मारली न्हाई ती समदी.'

काचा बाहेरून धुरकटतायत. खालच्या कडेला, पोराच्या उंचीवर. चारी बाजूंनी. वाफेचे ठिपके, त्यांच्यावर बोटं—

गोल. टिंब. सगळ्या काचांवर भाकऱ्या. शिकवल्या असणार तिनं. माझीच ती, दुसरं कोण.

पण कुठल्या दाराशी?

सासूबाई म्हणतात उघडू नको, कुठलं आत येईल सांगता यायचं नाही. तानाजीनं चावीवर हात ठेवलाय. मी तो बाजूला केला. मी शिवांजलीला घेतल्याशिवाय इथून हलणार नाही. सगळी आत आली तरी चालेल, अंगावर बसवेन, पण—

मांडीवरची हलली. माझ्याकडे बघतेय. ओठ उघडले. 'आई' म्हणाली. आज पहिल्यांदाच. कसा घोगरा आवाज, कधीच न वापरलेला.

हात लांब केलाय. माझ्या सीटमागच्या दाराकडे बोट. त्याच दाराकडे. पुन्हा पुन्हा.

सासूबाई म्हणतात फसवतंय. मला नाही वाटत. जिला कुणी बोलावलं नाही तिला माहीत असणार, दाराशी कोण थांबलंय ते. बोर दिलं होतं तिनं मला.

हिला डाव्या हातानं कवटाळलंय. सोडणार नाही. वही मांडीवरच आहे, अप्पा, लिहितेय बघा. मागे वळलेय, दाराला हात पोचतोय. खटका ओढला. बाहेर लाल काहीतरी— बाळा, ये, आत ये, आई आहे इ