पावणेसहा मीटरचा हट्ट

नागोया,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
विभाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ‘ट्रक’चं ‘ट्रंक’ ऐकू आलं आणि घरातली जुनी ट्रंक का चालत नाही म्हणून आई अर्धा तास वाद घालत राहिली, म्हणून आता पत्रच लिहिते.

बाबा, आम्ही पिकअप ट्रक घेतोय. छोटा नाही, चांगला दांडगा! पुढे पाच माणसं ऐसपैस बसतील आणि मागे उघडा हौदा. अंबरीषला सरकत्या दारांची पांढरी डबा-गाडी हवी होती, इथे सगळ्यांकडे असते तशी. पण ऑक्टोबरात आम्ही गिफूच्या डोंगरात कॅम्पिंगला गेलो तेव्हा आमच्या चिमुकल्या गाडीत तंबू टपावर, शेगडी जुईच्या मांडीवर आणि तांदूळ-कांद्याची पिशवी माझ्या पायाशी होती. शेवटच्या चढाला गाडीचं पोट दगडाला टेकलं. मग तिघंही सामान डोक्यावर घेऊन चढलो. नऊ वर्षांच्या तुमच्या नातीने वाटेत जपानीत जे काही म्हटलं ते मला पूर्ण समजलं नाही, हे बरंच झालं.

मग घरात मतदान घेतलं. जुईने दोन्ही हात वर करून, ट्रकच्या जपानी उच्चारात, ‘तोराक्कु!’ असं ओरडून मत दिलं. अंबरीष पडला. तो कारखान्यात गाड्यांच्या सीटा डिझाईन करतो, पण म्हणतो की मला फक्त बसण्यातलं कळतं. त्याची एकच अट आहे: चिपळूण डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने पास केल्याशिवाय तो सही करणार नाही.

ओगावा-सान म्हणून जुन्या गाड्या विकणारे एक आहेत, त्यांच्या आवारात दोन ट्रक आहेत. दोन्ही अमेरिकन, वापरलेले, स्टिअरिंग डावीकडे. एक लालभडक, इतका देखणा की मला लग्नातसुद्धा एवढं लाजायला झालं नव्हतं. दुसरा चिखलाच्या रंगाचा, एक गाल चेपलेला. कसा पारखायचा ते कळवा. माझं मन लालवर आहे हे आधीच सांगते, म्हणजे रागवायला सोपं जाईल.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो थोडा ट्रकवरही असू द्यावा.

आपली,
विभा

---

चिपळूण,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. विभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझ्या आईने ते शेजारच्या सुप्रभाताईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, जावयांनी वाळूचा धंदा काढला काय? मी खुलासा केलेला नाही.

आता नीट वाच. रंग बघू नकोस. गाडी आजवर कोणत्या गावी चालली ते आधी विचार. गुहागरला मुक्कामी जाणाऱ्या आमच्या गाड्यांचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने बिस्किटासारखा व्हायचा. तुमच्याकडे बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात असे वाचले आहे. तेव्हा खाली झोपून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघावी. नुसती बघू नये, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघावी. जावयांना झोपव, तू टॉर्च धर.

इंजिन पूर्ण गार असताना सुरू करायला सांग. त्यांनी आधीच तापवून ठेवले असेल तर नमस्कार करून घरी ये. धूर निळा दिसला तर इंजिन तेल खाते आहे. खाली कोरा कागद पसरून तासभर उभी ठेव आणि मग डाग मोज. सर्व्हिसचे बुक पानन् पान बघ. मागच्या सीटवर जुईला बसवून खराब रस्त्याने फिरव. मूल कुरकुरले नाही तर गाडी कुटुंबाची.

आणि सगळ्यांत आधी, ती उभी कुठे करणार ते ठरवा. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेले नाहीस, म्हणून मला शंका येते.

तब्येतीस जपा. आमचे आशीर्वाद गाडीआधी पोचतीलच.

बाबा

---

नागोया,
९ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

तुमची शंका खरी ठरली, पण ते शेवटी सांगते. आधी गंमत ऐका.

अंबरीष ऑफिसच्या शर्टावरच लाल ट्रकखाली शिरला. दोन मिनिटांनी आतून विचारू लागला की स्क्रू-ड्रायव्हर किती आत जायला हवा. मी म्हटलं, जायलाच नको. तो म्हणाला, मुठीपर्यंत गेलाय. ट्रक होक्काइदोचा निघाला, बारा हिवाळे मिठात मुरलेला! बिचारे ओगावा-सान इतके वाकले की तेही जवळजवळ खाली जाऊन पोचले. त्यांनी तो लगेच विक्रीतून काढून टाकला आणि तुमचं नाव एका कागदावर लिहून घेतलं. आता ते तुम्हाला ‘चिपळूण-सेन्सेई’, म्हणजे चिपळूणचे गुरुजी, म्हणतात.

चिखल्या रंगाचा मात्र पहिल्या चावीला गुरगुरला. धूर नाही, कागद कोरा. बुकात पहिल्या मालकाने प्रत्येक वेळी तेल बदलल्याची तारीख पेन्सिलने लिहून ठेवली आहे. मी चालवायला घेतला आणि पुढच्याच वळणाला चुकून एका गल्लीत घुसले. बाबा, दोन्ही आरसे मिटले तरी भिंत हाताला लागत होती. मागे एक सायकलवाला, पुढे फुलझाडांच्या कुंड्या. अंबरीष डोळे मिटून बसला. एवढ्यात एका घरातून आजीबाई बाहेर आल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी एकेक करून सतरा कुंड्या बाजूला केल्या आणि ‘ओराई, ओराई’, म्हणजे ‘येऊ दे, येऊ दे’, करत आपल्या कंडक्टरसारखं मला बाहेर काढलं. जुई मागे टाळ्या वाजवत होती. कुरकुर शून्य.

आता रडगाणं. गाडी उभी करायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय इथे गाडी नावावर होत नाही. आमच्या बिल्डिंगमधली जागा पाच मीटर. ट्रक पावणेसहा. आणि कहर म्हणजे आता अंबरीषच वेडा झालाय! रोज सकाळी टेप घेऊन अख्ख्या वस्तीतल्या पार्किंगच्या जागा मोजत फिरतो. काल एका गृहस्थाने त्याला पालिकेचा माणूस समजून गटाराची तक्रार दिली. तीही त्याने लिहून घेतली.

ओगावा-सान एप्रिलअखेरपर्यंत थांबतो म्हणालेत. मला मात्र वाटतं, आपला हट्टच जरा मोठा झाला. डबा-गाडीचं पत्रक पुन्हा काढून ठेवलंय.

तुमची लाडकी आणि आज हिरमुसलेली,
विभा

---

चिपळूण,
२६ मार्च २०२५

चि. विभास,
अनेक आशीर्वाद.

ते पत्रक रद्दीत टाक.

मी अंगणात पावणेसहा मीटर बाय दोन मीटर खडूने आखले. तुझ्या आईने त्यावर रांगोळी ओढली आणि आत पाच खुर्च्या मांडल्या. सुप्रभाताई, त्यांचे यजमान, आम्ही दोघे आणि पोस्टमन असे बसून पाहिले. पाय लांब करता आले. मागच्या हौद्यात आईचे वाळवण मावते. गाडी योग्य आहे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. तू सहा वर्षांची असताना मी एक जीप ठरवली होती. इंजिन स्वतः ऐकले होते. तुम्हा दोघींना घेऊन घाटमाथ्यावर फिरायचे मनात होते. लोक म्हणाले, एसटीचा पास असताना जीप कशाला? मलाही तो हट्ट मोठा वाटला. ती जीप सावर्ड्याच्या एका डॉक्टरांनी घेतली आणि अठरा वर्षे चालवली. समोरून गेली की मी उभा राहून तिचे इंजिन ऐकायचो. शेवटपर्यंत ठणठणीत होते.

म्हणून सांगतो, त्या कुंड्यावाल्या आजींकडे जा. सतरा कुंड्या दारात ठेवणाऱ्या बाईंच्या घरामागे आवार असते. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आईने रव्याच्या लाडवांचे प्रमाण या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले आहे.

यश कळव. आम्ही अंगण अजून झाडलेले नाही.

बाबा

---

नागोया,
६ मे २०२५

तीर्थरूप बाबांस, तीर्थरूप आईस,
विभाचा आनंदाने उड्या मारत शि. सा. न.

घेतला! घेतला! घेतला!

आजींचं नाव हिराइवा-सान. घरामागे खरंच मोकळं आवार आहे, आणि तिथे गल्लीतून नाही, मागच्या रुंद रस्त्याने जाता येतं. त्यांच्या यजमानांची लाकडं वाहायची लॉरी तिथे उभी असायची. ते जाऊन सहा वर्षं झाली. लाडू खाऊन आजी म्हणाल्या, जागा घ्या, पण एका अटीवर. डोंगरात त्यांचं बांबूचं बन आहे. गुडघ्यांमुळे यजमानांनंतर त्या तिथे गेलेल्याच नाहीत. दर वसंतात कोंब काढायला त्यांना न्यायचं. अंबरीष इतक्या घाईने हो म्हणाला की आजी दचकल्या.

पोलीस येऊन मोजून गेले, दाखला मिळाला. सामानाच्या गाडीचा नंबर असल्यामुळे दर वर्षी तपासणी करावी लागेल. तुम्हाला हे ऐकून बरंच वाटेल.

सुट्ट्यांत पहिलीच फेरी बनाकडे काढली. आजी पुढे माझ्या शेजारी, मागे अंबरीष आणि जुई, हौद्यात तंबू, दोन सायकली, कुदळी. टोलची खिडकी उजवीकडे आणि मी डावीकडे, त्यामुळे पावती आजींनीच घेतली आणि प्रत्येक टोलवाल्याला सांगितलं की ही माझी ड्रायव्हर. तासाभरात अठ्ठावीस कोंब निघाले. आजी कुदळीवर हात ठेवून बन बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या की काही कोंब काढायचे राहून गेले, त्यांचे आता उंच बांबू झालेत, बरे दिसतात.

परतताना पाऊस आला. उतारावर कुरियरची एक छोटी गाडी गटारात कलंडलेली, रस्ता बंद. बाबा, मी पट्टा बांधला, फोर-व्हील लावला आणि मागे घेत ओढली! अंबरीष छत्री धरून उभा होता, स्वतःवर नव्हे, ट्रकवर. जुई मराठीत किंचाळत होती, ‘ओढ! अजून ओढ! थांब!’ नंतर म्हणाली, अशा कामाला जपानी फार सभ्य पडते. गाडी टुणकन वर आली. ड्रायव्हरने वाकून वाकून आभार मानले आणि आपल्या डब्यातले दोन्ही भाताचे गोळे जुईला देऊन टाकले. हिराइवा आजी हसून हसून दाराच्या कडीला लटकल्या. म्हणाल्या, आमची लॉरी आयुष्यभर दुसऱ्यांनी ओढून काढली, आज कुठे माझ्या वाट्याला ओढणारी गाडी आली.

बाबा, स्टिअरिंग धरून बसले की सहा वर्षांची मी तुमच्या शेजारी बसलेय असं वाटत राहतं.

तुमचीच,
विभा

---

चिपळूण,
२४ मे २०२५

चि. विभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज भरून आलो. वाहनाचा प्रकार विचारला, तो मी सांगायला बसलो. थोड्या वेळाने साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांनाही ऐकायला बोलावले. माझा पासपोर्ट आहेच, आईचा पुढच्या आठवड्यात येतो. ऑक्टोबरात आम्ही दोघे येत आहोत. तू बोलावले नव्हतेस, तरी येत आहोत.

घाटाघाटाने नेईन म्हणतो. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघत जा.

बाबा

ता. क. विभा, मी आई लिहिते आहे. हे म्हणतात, पुढे हिराइवाबाई बसतील आणि मी मागे. चाळीस वर्षं एसटीच्या माणसाशी संसार केला, पण ड्रायव्हरशेजारची जागा मला एकदाही मिळाली नाही. बाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की जाताना त्या, येताना मी.

सुलेखा