कॅप्सलॉकवरची टिकली

सोलापूर, २ जून २०२५

ती. काकांस,
निवेदिताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर दादा शेजारीच. ब्रेल मात्र या घरातल्या डोळसांना वाचता येत नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं.

दादाने हौसेने नवा लॅपटॉप आणला. पातळ, हलका. त्याला इन्सर्टची कीच नाही! पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या माझ्या स्क्रीन रीडरच्या सगळ्या आज्ञा इन्सर्टवर. आवाज येतो, पण पडद्यावर मी कुठे आहे हे त्याला विचारता येत नाही. अडले की वैजयंतीवहिनी वाचून दाखवते. मग दादा म्हणतो, काम तीच करते की, तू कशाला त्रास घेतेस? शिक्षणसंस्थेच्या कार्यालयाने पंधरा तारखेपर्यंत घरून काम दिलंय. जमलं तरच नोकरी. काय करू?

लोभ आहेच, उत्तरही लवकर असू द्या.
तुमची निवेदिता

बार्शी, ६ जून

चि. निवेदितास, अनेक आशीर्वाद.

एवढ्यात रडकुंडीला आलीस? तुझ्यासारखंच न दिसता मी तीस वर्षं शाळेत शिकवलं; असा लॅपटॉप माझ्याही हाती आलाय. विंडोज आणि बी एकत्र दाब, बाणाने स्क्रीन रीडरच्या नावावर जा, एंटर कर. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडून इन्सर्टचं काम कॅप्सलॉकला दे. बोट चुकत असेल तर त्यावर वैजयंतीची टिकली चिकटव.

लॅपटॉप घेताना देवदत्तदादाने तुला दुकानात नेलं नव्हतं का? तुझ्या बोटांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

वैजयंतीला आशीर्वाद. माया असू दे.
यज्ञेश्वरकाका

सोलापूर, १७ जून

ती. काकांस, सा. न.

टिकली वहिनीनेच लावली, देवीला लावते तशी मन लावून. पहिल्या दिवशी एक इंग्रजी पत्र सगळं कॅपिटलमध्ये गेलं. साहेब म्हणाले, ओरडता कशाला? पण नोकरी मिळाली, काका! तीस तारखेपासून कार्यालयात बोलावलंय.

आणि दादाने साहेबांना परस्पर फोन करून सांगितलं, ती घरूनच करेल, आता छान जमतंय तिला. मला म्हणतो, एकटी कशी जाशील? रागावला असता तर भांडले असते. तो पाठीवरून हात फिरवतो. साहेब म्हणाले, यायचं असेल तर तीसला या, नाहीतर दुसरी मुलगी बघतो.

तुम्ही याल? बार्शीहून एकटे आलेल्या तुमच्यासमोर दादाला ते ‘एकटी कशी जाशील’ बोलता येणार नाही.

वाट पाहते.
निवेदिता

बार्शी, २१ जून

चि. निवेदितास आशीर्वाद.

रविवारी, २९ ला, दुपारच्या एस.टी.ने येतो. सोमवारी कार्यालयापर्यंत दोघे जाऊ. परतताना तू एकटी.

देवदत्तला सांग, स्टँडवर घ्यायला येऊ नकोस.
काका